गटाबाहेर कोण राहिले?

बगरूत ऊन हा कच्चा माल आहे. जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या या कस्ब्यात छिपा समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापत आली आहेत. हरड्याच्या पाण्यातून काढलेले पिवळसर कापड उन्हात वाळते, मग त्यावर ठसा बसतो. लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून काळा रंग होतो, त्याला ते ‘स्याही’ म्हणतात. चिकणमाती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचे पीठ कालवून ‘दाबू’ तयार होतो. तो ठशाने कापडावर लावायचा, वर लाकडाचा भुसा भुरभुरायचा आणि कापड पुन्हा उन्हात टाकायचे. दाबू कडक सुकला तरच निळीच्या हौदात तेवढी जागा कोरी राहते. पावसाळ्यात हे सारे काम मंदावते आणि हातावर पोट असलेल्यांची चूलही मंदावते.

अशा गावाला सूर्याचे मोल पटवून द्यावे लागत नाही. तरीही गच्चीवर पडणारे ऊन वीज होऊन घरात यायचे, तर मधे बरेच काही लागते. हाताशी थोडे पैसे लागतात, बँकेचा भरवसा लागतो, आपल्या नावाचे वीजबिल लागते, प्रामाणिक ठेकेदार लागतो. हे सगळे एकेकट्याने जमवायचे म्हटले की गल्लीतल्या दोनचार घरांनाच जमते. म्हणून सौर पॅनेल गटाने खरेदी करा, असा सल्ला आता अनेक देशांत दिला जातो. सल्ला चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण गट बांधताना एक प्रश्न आधी विचारला पाहिजे आणि काम झाल्यावरही तोच विचारला पाहिजे. या गटाबाहेर कोण राहिले? स्वस्तात किती पडले, हा हिशेब त्यानंतरचा.

मराठी माणसाच्या इतिहासात बगरूचे नाव लढाईमुळे आले. ऑगस्ट १७४८ मध्ये, भर पावसाळ्यात, जयपूरच्या गादीवरून दोन सावत्र भावांचे भांडण इथे रणात उतरले. मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने ईश्वरीसिंहावर चालून गेले होते आणि ईश्वरीसिंहाच्या मदतीला भरतपूरचा सूरजमल उभा होता. राजेरजवाड्यांच्या त्या सौद्यांत खंडणीचे आकडे ठरत आणि ते शेवटी रयतेच्या माथी बसत. आपण त्या गावात एकदा फौज घेऊन गेलो. आज तिकडे नेण्याजोगे काही आपल्यापाशी असेल, तर ते सहकाराचे आणि एकत्र खरेदीचे अनुभव आहेत. त्यातले चांगले तेवढे द्यावे आणि वाईटही लपवू नये.

आधी योजनेविषयी. केंद्राची ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची, मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. एका किलोवॉटला ३०,००० रुपये अनुदान, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याहून मोठ्या संयंत्राला ७८,०००. तीन किलोवॉटचा सरकारने धरलेला खर्च १,४५,००० रुपये आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक पैसे सरकार देते. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्या उन्हात त्यातून दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. दिवसा उरलेली वीज तारेवर जाते, रात्री लागेल ती तारेवरून येते आणि मीटर दोन्हींची वजाबाकी मांडतो. राजस्थानच्या वाट्याला तर देशातले कडक ऊन भरभरून आलेले. फलोदीजवळ भडला येथे २,२४५ मेगावॉटचा प्रचंड सौरप्रकल्प वाळवंटात उभा आहे. घरांच्या छपरांवरच्या सौरविजेत मात्र शेजारचा गुजरात पुढे आहे. वाळवंटात भांडवल एकहाती उतरते. गल्लीत ते माणसामाणसांच्या विश्वासातून उभे करावे लागते आणि तिथेच आपण अडतो.

गटखरेदीची रीत सोपी आहे. वीसपंचवीस शेजारी एकत्र येतात, आपली एकूण मागणी ठरवतात, चारपाच ठेकेदारांकडून दर मागवतात, माल आणि हमी पारखून एकाला काम देतात. २००९ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या आग्नेय भागातल्या रहिवाशांनी हेच केले. पहिल्या सहा महिन्यांत तीनशेहून अधिक रहिवाशांनी नावे दिली आणि १३० घरांवर पॅनेल चढली. पुढे ‘सोलराइझ’ या नावाने ही रीत तिथल्या अनेक शहरांत पोचली. त्या अनुभवातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. किंमत हा अडसर होताच, पण कुठले यंत्र घ्यावे, कुणावर भरवसा ठेवावा हे कळत नव्हते, आणि ‘बघू पुढच्या वर्षी’ ही चालढकलही होती. शेजारी बरोबर आला, ठेकेदार समितीने निवडला, नावनोंदणीला शेवटची तारीख लागली, तेव्हा माणसे हलली. एकगठ्ठा मागणीने भाव किती पडतो, हे आपल्याकडे एलईडी दिव्याने दाखवले. सरकारी ‘ईईएसएल’ने देशभराची मागणी एकत्र करून निविदा काढल्या आणि बल्बचा खरेदीदर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला.

मराठी घरांना ही कल्पना परकी नाही. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून चालवलेल्या ग्राहक चळवळीचे ते वारे होते. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, महिन्याच्या वाणसामानाची आधी नोंदवलेली मागणी, थेट घाऊक खरेदी आणि सभासदांनीच केलेले वाटप, एवढ्या साध्या पायावर तीस हजारांहून अधिक कुटुंबे जोडली गेली. या कामाचा मोठा भार बायकांनी पेलला. माझ्या मते या रचनेतली मोठी गोष्ट अशी की दोन किलो डाळ घेणाऱ्या घराला वीस किलो घेणाऱ्याचाच दर मिळतो. जपानमध्येही असेच घडले. १९६५ साली टोकियोच्या सेतागाया भागातल्या दोनशेएक गृहिणींनी मिळून दुधाच्या ३०० बाटल्या एकत्र विकत घेतल्या. त्यातून ‘सेइकात्सु क्लब’ हा ग्राहक सहकारी संघ वाढला आणि २०१२ मध्ये त्याच परिवाराची पवनचक्की अकिता प्रांतातल्या निकाहो येथे फिरू लागली. दूध एकत्र घेणाऱ्यांना वीज एकत्र करण्याची हिंमत आली ती एकमेकांच्या हिशेबावर बसलेल्या विश्वासातून. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. मान्याचीवाडी लहान आहे, माणसे एकमेकांना ओळखतात. बगरूसारख्या नगरपालिकेच्या गावात तसा सगळ्या गावाचा ठराव होणार नाही. तिथे एकक गल्लीचेच धरावे लागेल.

आता त्या गल्लीत शिरू. समजा, छिपा मोहल्ल्यात गट बांधायचा ठरला. पहिल्या बैठकीला कोण येईल? ज्याचे घर दोनमजली आहे, ज्याचा माल परदेशी जातो, ज्याच्या मुलाला अर्ज भरता येतो, तो येईल. हे लोक वाईट नाहीत, त्यांच्यावाचून गट सुरूही होणार नाही. पण त्यांच्यापाशीच गट थांबला तर काय होते ते पाहा. योजनेचे अनुदान संयंत्र बसून चालू झाल्यावर खात्यात जमा होते. म्हणजे आधी सगळे पैसे किंवा कर्जाची सोय पाहिजे. तीन किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय स्वस्त कर्ज मिळते खरे, पण बँकेच्या खिडकीपर्यंत जायला कागद लागतात. घर स्वतःचे पाहिजे, वीजजोडणी आपल्या नावावर पाहिजे. जुन्या मोहल्ल्यात घर आजोबांच्या नावावर असते, चार भावांची वाटणी तोंडी झालेली असते, बिल वारलेल्या चुलत्याच्या नावाने येते. विधवेच्या नावावर तर क्वचितच काही असते. कापड धुणारा, ठसे कोरणारा, रोजंदारीवर छपाई करणारा भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या डोक्यावर छप्पर आहे, पण ते त्याचे नाही. ज्या घराच्या खालच्या खोलीत छपाईचे टेबल आहे, त्याची अडचण आणखी वेगळी. अनुदान फक्त घरगुती जोडणीला आहे आणि कारागिराचे घर हे घर आणि कारखाना दोन्ही असते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीतल्या ज्या घरांत माग आणि चूल एकाच छपराखाली आहेत, त्यांनाही हेच भोवते.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते. ज्यांना जमते त्यांनी आधी करावे, बाकीचे मागून येतील. हे उत्तर अपुरे आहे, कारण मागे राहिलेल्याचे नुकसान तेवढ्यात सुरू झालेले असते. वीज वितरण कंपनीच्या तारा, रोहित्रे, उपकेंद्रे, माणसांचे पगार, हा खर्च कुणी वीज कमी घेतली म्हणून घटत नाही. जास्त वीज वापरणारी, वरच्या टप्प्याचा दर भरणारी घरे सौर झाली की त्यांच्याकडून येणारा पैसा आटतो. ती तूट एकतर दरवाढीतून वसूल होते किंवा सरकारी तिजोरीतून, आणि दोन्ही वाटा फिरून अनुदान न मिळालेल्या माणसाकडेच येतात. शेजाऱ्याच्या घरातली रात्रीची वीज ज्या तारेतून येते, तिच्या देखभालीला भाडेकरूच्या बिलातला पैसाही लागलेला असतो. त्याला वगळून केलेली स्वस्त खरेदी त्याच्या खिशाला हात घालते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. सौर पॅनेल बसवणाऱ्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. गट बांधायला बसलेल्या माणसाच्या खांद्यावर कुठली जबाबदारी येते, ती त्याला आधी कळावी म्हणून सांगतो.

‘गरिबाला वीज फुकट मिळतेच, त्याला पॅनेल कशाला?’ हेही विचारले जाते. राजस्थानात महिन्याला १०० युनिट मोफत देण्याची योजना आली. पुढे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारने ती सौर पॅनेलशी जोडून १५० युनिटांची घोषणा केली आणि ज्यांच्याकडे जागा नाही त्यांच्यासाठी सामुदायिक संयंत्रांची भाषाही केली. दिशा योग्य आहे. पण फुकट वीज एका अर्थसंकल्पाने येते आणि दुसऱ्याने जाऊ शकते. पॅनेलची उत्पादन-हमी बहुधा २५ वर्षांची असते. गरिबाला दान मिळत राहावे आणि मालमत्ता मात्र बाकीच्यांची व्हावी, ही वाटणी आपण मनातून काढली पाहिजे. छपाई करणारी बाई उन्हाची भाषा आपल्यापेक्षा जास्त जाणते. तिला आपल्या विजेची मालकीण होता आले पाहिजे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती बोलायला लोक कचरतात. आपल्या देशात ‘गट’ म्हटले की तो फार लवकर जातीचा होतो. बगरूची गल्ली व्यवसायाने बांधलेली आणि व्यवसाय जातीने बांधलेला. छापणारा वेगळा, धुणारा वेगळा, ठसा कोरणारा वेगळा, पण कापड एकच. एका चादरीवर या सगळ्यांचे हात फिरलेले असतात. मग विजेच्या गटात फक्त छापणारे का? महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना सुरू केला. लहान शेतकऱ्याला भागधारक करणारी ती क्रांतीच होती. पण पुढे सहकार जसजसा पसरला, तसतसे भाग उसाच्या मालकाचे राहिले आणि ऊस तोडणारा, बैलगाडीने तो कारखान्यावर आणणारा माणूस त्या सहकाराबाहेरच राहिला. आजही आहे. साखर सहकारी, तोडणी मुकादमाची. बगरूच्या माणसाला आपण सहकाराचे गोडवे गाऊन दाखवणार असू, तर ही उणीवही त्याच्यापुढे ठेवावी.

म्हणून गटाचे नियम नावनोंदणीआधी ठरावेत. गटातली जागा गल्लीच्या हद्दीने मोजावी, समाजाच्या यादीने नाही. एक किलोवॉट घेणाऱ्याला तीन किलोवॉट घेणाऱ्याचाच दर मिळावा. लहान संयंत्राला किलोवॉटमागे खर्च जास्त येतो, तो फरक मोठ्यांनी थोडा उचलावा, आणि उचलतो आहोत हे उघड लिहावे. ज्याचे कागद अपुरे आहेत त्याला यादीतून गाळू नये. त्याच्या नावापुढे ‘बिल नावावर करणे बाकी’ एवढे लिहावे आणि ते काम गटाचे समजावे. गटातल्या दोन शिकलेल्या मुलामुलींनी वीज कार्यालयात सोबत जावे. वारसाचा अर्ज, नाव बदलण्याचा अर्ज, बँकेचा फॉर्म, हे सौर पॅनेलइतकेच तांत्रिक काम आहे आणि त्याला कुणी अनुदान देत नाही. पोर्टलंडच्या गटात ठेकेदार निवडणे हे मोठे काम असेल, आपल्याकडे कागद जुळवणे हे त्याहून मोठे काम आहे.

पुढाऱ्याबद्दलही बोलायला हवे. गल्लीत ज्याच्या शब्दाला वजन असते, त्याला ठेकेदार आधी गाठतो. घरामागे काही हजार देऊ करतो. तो पैसा शेवटी शेजाऱ्याच्या बिलातच चढतो. गट बांधणाऱ्याने ठेकेदाराकडून एक रुपयाही घेऊ नये. ज्याला मेहनताना हवा त्याने तो गटाकडून उघड घ्यावा. दरपत्रके उघडताना सगळे हजर असावेत, बायकाही, आणि बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी असावी. योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून लोकांना फसवण्याचे प्रकार झाले आहेत. एकटा माणूस लाजेने गप्प बसतो. गटात निदान चारजण ओरडणारे असतात.

यंत्र बसले की काम संपले असेही नाही. मे-जूनच्या आंधीत राजस्थानच्या छपरांवर धुळीचा थर बसतो, काच मळली की वीज घटते. धुवायला पाणी हवे आणि खारे पाणी काचेवर डाग सोडते. योजनेत ठेकेदाराला पाच वर्षे देखभाल करावी लागते, पण एका घरासाठी जयपूरहून कोण धावून येणार? पन्नास घरांसाठी तो महिन्यातून ठरल्या दिवशी येईल, न आल्यास पन्नास तक्रारी जातील. बगरूत गच्चीचाही प्रश्न आहे. तिथे कपडे आणि कापडाचे ताके वाळतात, माणसे उन्हाळ्यात रात्री झोपतात. पॅनेल खाली बसवली तर गच्ची गेली. उंच सांगाड्यावर बसवली तर खाली सावली मिळते, पण लोखंड जास्त लागते आणि वाऱ्यासाठी पाया भक्कम हवा. वर वाळत टाकलेल्या एका साडीची सावली एका पॅनेलवर पडली तरी जोडलेल्या ओळीची वीज घटू शकते. असे प्रश्न दिल्लीतल्या कुठल्याही पुस्तिकेत सुटणार नाहीत. ते छपाई करणाऱ्या बाईला विचारून, तिच्या गच्चीवर उभे राहूनच सुटतील.

सरकारकडेही एक मागणी आहे. योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात, एकट्या घराला पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,०००. एकत्र येणाऱ्याला कमी आणि एकट्याला जास्त, हा क्रम कारागीर आणि भाडेकरूंच्या गटांसाठी तरी उलटा करावा. पंचायतीच्या, शाळेच्या, धर्मशाळेच्या मोठ्या छपरावर संयंत्र बसवून त्याची वीज वेगवेगळ्या घरांच्या बिलांत वाटून देता येते. त्याला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीत २०१९ पासून तशी तरतूद आहे, नंतर इतर राज्यांतही ती येत गेली. छप्पर नसलेल्या धुलाईवाल्याला मालक होण्याची ही वाट आहे. नियमांत असलेली वाट गल्लीपर्यंत आणायची तर वितरण कंपनीने महिन्यातून एक दिवस माणूस कस्ब्यात बसवावा, त्याच्यापाशी अर्ज असावेत, आणि त्याने नकार दिला तर कारण लिहून द्यावे.

वेळेचा हिशेबही बगरूच्या चालीने करावा. आषाढापासून दाबूचे काम थंडावते. ताके घरात असतात, माणसे घरात असतात, मजुरी तुटते. गल्लीच्या बैठका, कागदांची जुळवाजुळव, वारसनोंदी, दरपत्रके या सगळ्याला तेच दिवस ठेवावेत. भाद्रपद संपेपर्यंत यादी पक्की व्हावी, नवरात्रात ठेकेदार ठरावा आणि दिवाळीनंतर आकाश स्वच्छ झाले, छपाईचा जोर पुन्हा आला की सांगाडे चढावेत. पहिले पॅनेल यादीतल्या ज्या घराचे कागद जुळवायला सगळ्यात जास्त दिवस लागले, त्या घरावर बसवावे.